तेरावा फर्मा

१

हे मला लिहायला लावलंय. हौसेनं लिहीत नाही, आधीच सांगून ठेवतो. मुलगा रोज मागे लागतो, बाबा, एकदा कागदावर उतरवा, म्हणजे डोक्यातून जाईल. डोक्यातून काय जातं? केस गेले तेवढे. आणि मला लिहिता किती येतं? चौथीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, पण ती पाठीकडून. पोटात काय आहे ते बघायचं काम दुसऱ्यांचं.

तरी लिहितो. पण ‘मी गेलो, मी बोललो’ असलं जमणार नाही, लाज वाटते. गोष्ट माझ्या सुनेची आहे. बरीचशी तिनं सांगितलेली, थोडी डोळ्यांनी पाहिलेली. तिच्यात एक म्हातारा येईल, त्याला म्हाताराच म्हणतो. तो कोण ते तुम्हाला कळेलच, त्याचा बोभाटा नको.

२

सून दप्तरखान्यात नकलेचं काम करायची. जुन्या हस्तलिखित वह्या वाचायच्या आणि संगणकावर उतरवायच्या. नोकरी करारावरची. शेवटची वही महिनाअखेरपर्यंत पुरी करून दिली तर कायम करतो, असं साहेबांनी लेखी दिलं होतं. साहेब म्हणजे दप्तरखान्याचे प्रमुख. ती कायम झाली की तिचा नवरा घरी परत येणार होता. तो आठ वर्षं लांबच्या शहरात एका कारखान्यात. वर्षातून दोनदा यायचा, पाहुण्यासारखा, बॅगही पुरती उघडायचा नाही. घरात उरायचे दोघं, सून आणि तिचा सासरा. सासरा म्हणजे तो म्हातारा. तो त्याच दप्तरखान्यातून निवृत्त झालेला बाइंडर. त्याच्या ओळखीनंच तिला ते काम मिळालं होतं आणि हे तो दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचा.

तिची खोली वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. डावीकडे खिडकी. पाठीमागे काचेच्या दारांचं कपाट. वर पंखा, तो एका फेरीत एकदा कुरकुरायचा. खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्यात काच होती, साहेबांना बाहेरूनच दिसावं कोण काम करतंय आणि कोण पेंगतंय.

शेवटची वही होती ती एका किडेवाल्याची. म्हातारा त्याला किडेवाला म्हणायचा, सून ‘शिंपलेवाले’ म्हणायची, तेही आदरानं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसानं सगळा किनारा पायी पालथा घातला होता. पाणी ओसरलं की हा खडकांवर उतरणार, पाणी चढलं की मागे येणार, आणि दिसेल ते लिहिणार. दर नोंदीत आधी ओहोटीची वेळ, मग खडकाचा क्रमांक, मग काय दिसलं, किती मोजलं, कसं वागलं, आणि शेवटी त्यातलं काय बाटलीत घातलं. “ओहोटी सकाळी सात वाजता. खडक अकरावा. कालवं सत्तावीस. खेकडा एक, मादी, भित्री. बाटलीत घेतली.” सात महिने हेच. सुनेला त्याचा हा नेम आवडायचा. ती म्हणायची, बाबा, घरात असा एक माणूस असता तर डब्यांवर झाकणं तरी जागेवर सापडली असती.

नकलेच्या कामाला एक शिस्त असते, ती म्हाताऱ्यानंच तिला पहिल्या दिवशी सांगितली होती. दिसेल ते उतरवायचं, समजून घेत बसायचं नाही. समजून घ्यायला गेलं की माणूस सुधारायला जातो, आणि सुधारलेली नक्कल काही कामाची नसते. म्हणून सून अक्षरं वाचायची, अर्थ नाही. डोळा पानावर, बोटं कळांवर, आणि मन घरच्या किराण्यात. दिवसाला चार पानं, दप्तरखान्याच्या भाषेत पत्रं, सहज व्हायची.

त्या सवयीनं तिनं ते पान उतरवलं. काय उतरवलं, तेही तिला तेव्हा कळलं नाही.

३

रोज संध्याकाळी चहा घेताना ती म्हाताऱ्याला दिवसभराची नक्कल छापून आणून वाचून दाखवायची. पडताळणीही व्हायची आणि म्हाताऱ्याचा वेळही जायचा. त्याला ते प्राणी आवडायचे. कुठली गोगलगाय कुठल्या खडकावर रुसून बसली, एवढं कळलं तरी त्याचा चहा गोड व्हायचा.

त्या दिवशी तिनं वाचायला सुरुवात केली, “पत्र सत्त्याण्णव. भरती-ओहोटी नाही. जागा कोरडी. उजेड डावीकडून. नग एक, मादी. बैठी. पुढची दोन उपांगं सतत हलती, बाकी शरीर स्थिर. आवाज बारीक, टकटक.”

म्हातारा हसला. म्हणाला, हा कुठला खेकडा, ओहोटी सोडून कोरड्यात बसलाय.

ती पुढे वाचत होती. “दर चार-पाच मिनिटांनी डावं उपांग उचलून मानेची मागची बाजू दाबते. मग पुन्हा हालचाल सुरू. माणसाची चाहूल लागल्यास वेग वाढतो.”

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. सुनेचा उजवा हात कागदावर होता. डावा हात मानेवर होता, मागच्या बाजूला, आणि अंगठा शीर दाबत होता. रोज संध्याकाळी असायचा तसा.

तिलाही तेव्हाच दिसलं. हात तिनं हळूच खाली घेतला, चोरी पकडल्यासारखा. म्हणाली, “बाबा, हे मी दुपारी उतरवलंय. आणि काय उतरवलंय ते मला आत्ता कळतंय.”

४

आता सून काही भुताखेताला भिणारी नव्हती. रात्री वीज गेली तर ती आधी शेजारच्यांचे दिवे बघायची, मग फ्यूज. तिनं डोकं लावलं. खुर्चीत बसून काम करणारा कोण मान दाबत नाही? त्या किडेवाल्याबरोबर एखादी बाई असेल, त्याची बायको, बहीण, चित्रं काढणारी कोणी. पाऊस लागला असेल, किनाऱ्यावर जाता आलं नसेल, तर रिकामा माणूस करणार काय? समोर बसलेल्या बाईचीच नोंद केली चेष्टेनं. झालं. टकटक म्हणजे कसलीही टकटक, विणायच्या सुयांचीसुद्धा.

हे तिनं म्हाताऱ्याला नीट पटवून दिलं. म्हाताऱ्याला पटलं नाही, पण ते दुसऱ्याच कारणानं. त्याच्या डोक्यात ‘सत्त्याण्णव’ हा आकडा कुसळासारखा अडकून बसला होता. का, ते त्याला त्या संध्याकाळी आठवेना. वय झालं की आकडे राहतात आणि त्यांचे धनी जातात.

दुसऱ्या दिवशी तिनं काम सुरू करण्यापूर्वी शिपायाला बोलावून टेबल फिरवून घेतलं. आता खिडकी उजव्या हाताला आली. कारण विचारलं तर म्हणाली, डोळ्यांवर उजेड येतो. मग बसली आणि हाडाच्या पट्टीनं पुढचं पान उलगडलं. जुनी पानं एकमेकांना चिकटतात, ती बोटानं सोडवायची नसतात. हे पान चिकटलेलंच होतं. म्हणजे आधी कुणी उघडलेलं नव्हतं.

“जागा तीच. नगानं तोंड फिरवलं. उजेड आता उजवीकडून. निरीक्षणास त्रास नाही.”

तिनं ते उतरवलं. अक्षर अन् अक्षर. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. ती स्वतःशी म्हणाली, मी काल पुढचं पान चाळलं असेन. चाळलं, डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात राहिलं, आणि म्हणून मला टेबल फिरवायची बुद्धी झाली. आधी पान, मग टेबल. एवढं साधं. पान चिकटलेलं होतं, ही गोष्ट मात्र ती त्यात कुठे बसवायची ते ठरवू शकली नाही.

५

मग आवाज. तीनच्या सुमाराला, जेव्हा सगळा दप्तरखाना जेवून सुस्तावलेला असतो आणि खाली शिक्का मारल्याचा आवाजही थांबतो, तेव्हा तिच्या पाठीमागून एक बारीक किरकिर यायची. काचेचं बूच बाटलीच्या तोंडात सावकाश फिरवावं, तशी. एक वेढा, आणि थांबायची. मागे वळून पाहिलं तर भिंत. भिंतीला चुना, चुन्यावर ओल धरलेला एक पट्टा, आधी नव्हता. तिनं बोट लावून जिभेला टेकवलं. खारट लागलं. भिंतींना लोणा चढतो, खारट लागायचंच. असं ती म्हाताऱ्याला म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यानं ‘हो’ म्हणावं म्हणून. त्यानं ‘हो’ म्हटलं.

तिनं त्या संध्याकाळी वाचून दाखवायला कागद काढले नाहीत. म्हाताऱ्यानंच मागितले. थोडी ओढाताण झाली. शेवटी ती म्हणाली, बाबा, यातलं एक तुम्ही ओळखाल असं मला वाटतं, म्हणून नको म्हणत होते. आणि वाचलं.

“या जागेतला आधीचा नग नर होता. बारीक अंगाचा. काम करताना उजवा पाय सतत हलवी. काही खाण्यापूर्वी ते दोनदा हुंगे. शेवटी शेवटी मान फार खाली जाऊ लागल्यानं घेणं सोपं गेलं. बाटलीत ठेवल्यावरही पाय बराच काळ हलत होता.”



पंचवीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत मोत्या बसायचा. अक्षर मोत्यासारखं म्हणून मोत्या, खरं नाव हजेरीपटालाच ठाऊक. तेव्हा नकला हातानं व्हायच्या. त्याच्या उजव्या पायानं टेबल हलायचं आणि शेजारचे शिव्या द्यायचे. डबा उघडला की दोनदा वास घ्यायचा, बायकोनं विष घातल्यासारखा. म्हातारा त्याला यावरून फार छळायचा. एका दुपारी मोत्या खोलीतून दिसेनासा झाला. जिना उतरताना कुणी पाहिला नाही. लोक म्हणाले, पळाला, बाई असेल कुठेतरी. म्हाताराही तेच म्हणाला होता, हसून. मोत्या तेव्हा कुठली वही उतरवत होता, ते कुणी विचारलंच नव्हतं.

आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याला ‘सत्त्याण्णव’चा धनी सापडला. ती वही मोत्या दिसेनासा होण्यापूर्वी वर्षभर म्हाताऱ्यानंच उसवून नव्यानं शिवली होती. आठ पत्रं एकत्र दुमडून शिवली की एक फर्मा, असे बारा फर्मे. बारा आठे शहाण्णव.

त्या वहीत सत्त्याण्णवावं पत्र नव्हतं.

६

सकाळी म्हातारा सुनेबरोबर दप्तरखान्यात गेला. चष्मा, दाभण आणि आपली जुनी पट्टी घेऊन. वही पालथी घातली, पाठ वाकवून फर्मे मोजले. बारा त्याचे. टाके त्याचे. मेण लावलेला जाड दोरा, दर चौथ्या टाक्याला उलटी गाठ, ती दुसरं कुणी घालत नाही. आणि त्यापुढे तेरावा फर्मा, त्याच कागदाचा, त्याच अक्षराचा.

त्याची शिवण म्हाताऱ्याची नव्हती. माणसाचीच वाटेना. दोरा काळपट, केसाएवढा, आणि एका भोकातून एक न जाता पाच-सहा तंतू झुपक्यानं निघून कागदाला जागोजागी चिकटलेले. म्हाताऱ्यानं दाभणानं एक उचलायला पाहिलं तर तो ताणला गेला आणि पुन्हा जागेवर बसला. खडकावरच्या काळ्या शिंपल्या लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून असलेच तंतू काढतात, असं सुनेनंच त्याला दोन महिन्यांपूर्वी वाचून दाखवलं होतं. तिनं आता ते तोंडातून काढलं नाही. त्यानंही नाही.

दोघं साहेबांकडे गेले. म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की वहीत आठ पत्रं जास्त आहेत, ती माझ्या बांधणीतली नाहीत, सुनेला शहाण्णववर थांबू द्या.

साहेबांनी नोंदवही मागवली. तीत शहाण्णव. मग वही पाहिली. तीत एकशेचार. साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. ते चष्मा पुसत बोलायचे, त्यानं जास्त लागायचं.

“काका, या वहीला हात लावलेला बाइंडर एकच. तुम्ही. पानं वाढली की कामाची मुदत वाढते, आणि मुदत सुनेची. मी काही विचारलेलं नाही. तुम्हीच येऊन सांगताय.”

म्हाताऱ्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. चाळीस वर्षांत त्यानं एक कोरा कागद दप्तरखान्यातून घरी नेला नव्हता. मुलाच्या शाळेच्या वह्या विकत आणून त्यावर घरी कव्हरं घातली होती. आणि हा माणूस, त्याच्या मुलाच्या वयाचा, शिपायासमोर त्याला बनावट कागद घुसडणारा म्हणत होता.

तो म्हणाला, साहेब, हे शब्द मागे घ्या. साहेब म्हणाले, वही तीस तारखेला पाच वाजेपर्यंत पुरी द्या, एकशेचार पत्रं, दिसेल ते. वर पाठवायची आहे. नाही दिली तर करार संपला असं समजा. आणि चष्मा डोळ्यांवर चढवला, म्हणजे भेट संपली.

७

घरी म्हातारा म्हणाला, सोड नोकरी.

सून भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, “बाबा, आठ वर्षं मी फोनवर संसार केलाय. पाच दिवसांसाठी सोडू?”



ती जात राहिली. पण आता ती अर्थ वाचायची. उतरवण्यापूर्वी पूर्ण पान वाचायची, हातांची घडी घालून, दूर बसून. किडेवाला चांगला माणूस होता, हेच तिला जास्त भयंकर वाटायचं. कुठे रागाचा शब्द नाही, घाई नाही. “आज नगाचा वेग कमी. कारण कळत नाही.” “आज खाल्लं नाही.” “नग रडतो, असं वाटतं. अश्रू मोजले नाहीत, अंतर जास्त होतं.” दुसऱ्या दिवशी त्याच जागी, “अंतर कमी केलं.”

तिच्या मानेला मागून गार लागायचं. पंखा वर होता, गार मागून यायचं.

शेवटच्या आधीच्या पत्रावर त्यानं आपली रीत लिहिली होती. “नग काम संपवताना सर्वांत स्थिर असतो. शेवटच्या ओळीला मान पूर्ण खाली जाते, आजूबाजूचं भान राहत नाही. तीच वेळ. एकच झटका, वरून. मोडतोड होत नाही.”

हे तिनं एकोणतीस तारखेला दुपारी वाचलं. उतरवलं. घरी येऊन म्हाताऱ्याला सांगितलं. दोघांनी चहा केला आणि तो तसाच गार झाला.

मग तोड तिनंच काढली. पूर्वी नकलेला दोघं बसत, एक वाचणार, दुसरा लिहिणार. शेवटचं पत्र तसंच करायचं. तिनं वहीत पाहायचंच नाही. मान ताठ, डोळे समोर, बोटं कळांवर. ऐकायचं आणि उतरवायचं. वाचणारा हवा फक्त.

वाचणारा घरात एकच होता, आणि त्याला दोन ओळी वाचायला अर्धा तास लागायचा.

८

तीस तारीख. जेवणाच्या सुट्टीनंतर दोघं खोलीत बसले. सून संगणकासमोर, पाठ सरळ, हनुवटी वर. म्हातारा तिच्याच बाजूला, टेबलाच्या टोकाशी, वही पुढ्यात. तो एक एक अक्षर लावायचा. ‘ज’ला काना, ‘ग’ला काना, जागा. ती टाइप करायची, जागा. अशी कासवाची शर्यत. त्याला कळत काहीच नव्हतं, आणि तिलाही शब्दाशब्दात खंड पडल्यानं अर्थ लागत नव्हता. दोघांना त्याचं बरंच वाटत होतं. मध्ये एकदा तो अडला आणि म्हणाला, या किडेवाल्याचं अक्षर मोत्याला दाखवायला हवं होतं. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तो पुन्हा अक्षरं लावू लागला.

तीन वाजले. खालचे शिक्के थांबले. किरकिर आली.

या वेळी एका वेढ्यानं थांबली नाही.

सून समोर बघत होती. समोर कपाटाची काच. काचेत टेबल, टेबलामागे म्हातारा. वाचायला कठीण जात होतं म्हणून तो हळूहळू वहीवर ओणवला होता. नाक कागदाला लागायच्या बेतात. मान पूर्ण खाली. उरल्या एका ओळीवर बोट.

तेव्हा तिला कळलं त्यांनी काय केलं होतं. मान तिची वर होती. वाचणाऱ्याची खाली.

काचेत म्हाताऱ्याच्या मानेवरचे पांढरे केस उभे राहिले होते. वाऱ्यानं उडतात तसे नाही. ते सावकाश डोलत होते, इकडून तिकडे, पाण्यात डोलावेत तसे. आणि त्यांच्या वर, हातभर अंतरावर, भिंत जिथे असायला हवी तिथे काहीतरी फिकट होतं. फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेलं. ते हलत नव्हतं. ते नेम धरून होतं.

तिनं बाजूला झेपावून सासऱ्याची कॉलर धरली आणि ओढला. खुर्ची पडली, शाईची दौत पडली, म्हातारा तिच्यासकट दाराशी येऊन आदळला. मानेला हात लावला तर मान ओली. वास आला स्पिरिटचा.

९

आवाज ऐकून साहेब आले. पाच वाजायला वेळ होता, पण ते मघापासून व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. वर पाठवायच्या पत्रावर त्यांची सही आधीच झाली होती. त्यांनी पडलेली खुर्ची पाहिली, संगणकाचा पडदा पाहिला, वही पाहिली. विचारलं, किती राहिलं? सून म्हणाली, एक ओळ. ती मी लिहिणार नाही.

साहेब खुर्ची उचलून बसले. म्हणाले, एका ओळीसाठी एवढा तमाशा, द्या इकडे.

सून म्हणाली, साहेब, मान वर ठेवा, खाली वाकू नका. ते हसले. म्हणाले, बाई, मी काही काकांसारखा एक एक अक्षर लावत वाचत नाही.

म्हातारा दारात उभा होता. मान पुसत. त्याला सगळं माहीत होतं आता. मोत्याचं माहीत होतं, रीत माहीत होती, सुनेनं जे धड सांगितलं नाही ते त्याच्या मानेला माहीत होतं. एवढंच सांगायचं होतं की, उठा, त्या खुर्चीत मोत्या गेला. साहेबांनी ऐकलं असतं की नसतं, ही वेगळी गोष्ट. सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं.

आणि त्या तोंडातून आलं, “आधी माझी माफी मागा. मग सांगतो ही ओळ कशी उतरवायची ते.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, दोघं बाहेर थांबा. उठून दार लावून घेतलं आणि जाऊन बसले.

सुनेनं काचेतून पाहिलं. मी विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, आणि यापुढे विचारू नका असं सांगितलं. साहेब बसले. ओळीवर बोट ठेवलं. वाकले. पंखा फिरत होता, पण टेबलावरचा एकही कागद हलत नव्हता. साहेबांचा टाय छातीवरून उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी मान वर केली, दाराकडे पाहिलं, काहीतरी म्हणाले. आवाज आला नाही. ओठांतून एक बुडबुडा निघाला, गोल, सुपारीएवढा, आणि सावकाश छताकडे गेला.

ती दाराच्या मुठीशी झटली. मूठ फिरली नाही. म्हाताऱ्यानंही हात घातला. दोघांचे चार हात, आणि ती लहानशी पितळी मूठ.

मग ती आपोआप फिरली. आत खोली कोरडी ठणठणीत. खुर्ची टेबलाशी सरळ लावलेली. पडद्यावर नक्कल पुरी.

१०

वरून चौकशी आली, पोलीस आले. जिना उतरताना साहेबांना कुणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणाले, घरी काही भांडण असेल. साहेबांची बायको दोनदा येऊन त्या खोलीत बसून गेली. वही पुन्हा बारा फर्म्यांची आहे. मी मोजली. तेराव्याचे तंतूही नाहीत, नुसती पाठीवर एक फिकट रेघ.

नक्कल वेळेत पोचली, म्हणून सुनेला कायम केलं. मुलगा घरी आला, बॅग पुरती उघडली, शर्ट खुंटीला लावले. सून त्याच खोलीत काम करते, पण उभ्यानं. कागद डोळ्यांसमोर भिंतीला टाचून. मी ताट हनुवटीपर्यंत उचलून जेवतो. मुलगा हसायचा आधी, आता हसत नाही.

ती शेवटची ओळ मी सुनेला विचारली होती. तिनं बरेच दिवस सांगितली नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता, समोर बघत सांगितली. “उरलेले नग जागा सोडून जाणारे नाहीत. घाई नाही.”

मुलाला वाटतं मला भीती ग्रासते. भीती आहेच, ती कुणाला नसते. पण झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. साहेब काचेतून आमच्याकडे बघून काय म्हणाले असतील, हे मी रोज लावून बघतो, एक एक अक्षर. कधी वाटतं, ‘वाचवा’ म्हणाले असतील. कधी वाटतं मी मागितलं होतं तेच म्हणाले असतील, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

सून म्हणते, बाबा, तुम्ही सोडून द्या आता, त्यांच्या बायकोला भेटा, चुकलं म्हणा. का म्हणू? मी म्हटलं की हिशेब मिटला, आणि मिटला की मग ते गेले असं होईल. मी काही म्हणणार नाही. बनावट कागद घुसडले म्हणाले होते ते मला, शिपायासमोर. त्यांनी यावं, समोर उभं राहावं, चष्मा पुसत का होईना, आणि बोलावं. मी दार उघडंच ठेवतो दुपारचं. माझी माफी अजून साहेबांनीच मागायची आहे.